टायमिंग ‘४ अंश’ पुढे घेतलं म्हणाला, आणि मी रंगाच्या रेघेवर विश्वास ठेवला

माझ्या स्नोमोबाइलचा एक पिस्टन सध्या टेबलावर कागद दाबायला ठेवलाय. मधोमध करंगळी जाईल एवढं भोक आहे आणि एक्झॉस्टकडची कड उंदरानं कुरतडल्यासारखी झालीय. हे भोक पाडून घ्यायचे पैसे मी स्वतः मोजून दिले होते. तेही आगाऊ.

गाडी जुनी, सेकंडहँड. दोन सिलेंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, कार्ब्युरेटरवालं. ती उत्तम चालत होती, हे आधीच कबूल करतो. पण चढावर सोबतचे दोघे दर वेळी पुढे निघून जायचे आणि ते मला खुपायचं. ट्यूनिंग करणाऱ्या एकानं ही दुखरी नस बरोबर पकडली. म्हणाला, “कंपनी टायमिंग मुद्दाम मागे ठेवते. ४ अंश पुढे घेऊ, मग बघा.”

यात थोडं खरं आहे, म्हणूनच माणूस फसतो. मिश्रण पेटायला वेळ लागतो, त्यामुळे पिस्टन टॉपला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, पोचायच्या आधीच ठिणगी पडावी लागते. किती आधी, तेच टायमिंग, आणि ते क्रँकच्या (पिस्टनच्या हालचालीनं फिरणाऱ्या दांड्याच्या) अंशांत मोजतात. ८,००० आरपीएमला क्रँकचा एक अंश म्हणजे सेकंदाच्या साधारण ४८ हजाराव्या भागाचा खेळ. ठिणगी थोडी लवकर पडली तर खालच्या आणि मधल्या आरपीएमला गाडी खरोखर चपळ वाटते. आणि मुळातच गाडीची ठिणगी उशिरा पडत असेल, म्हणजे कुणी आधी उघडून चुकीची बसवलेली असेल, तर फरक चांगलाच जाणवतो. माझी तशी नव्हती. कंपनीनं टायमिंग मागे ठेवलेलं असतं ते हलक्या पेट्रोलवर, कडाक्याच्या थंडीत, अनाडी माणसाच्या हाताखालीही इंजिन टिकावं म्हणून. हा दुसरा अर्धा भाग त्यानं सांगितला नाही.

फ्लायव्हील क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसतं आणि त्याची जागा ठरते अर्धचंद्राच्या आकाराच्या एका छोट्या चावीनं. चावीला मधे पायरी दिली की फ्लायव्हील ठरावीक अंश सरकून बसतं. दुसरा मार्ग म्हणजे ठिणगीचा इशारा देणाऱ्या कॉइलची प्लेट तिच्या लांबट भोकांत फिरवायची. त्यानं पायरीवाली चावी माझ्या तळहातावर ठेवली. नखानं चाचपली तर पायरी लागत होती. मी खूश. ती बसवताना मात्र मी बाहेर उभा होतो, कारण “आत जागा कमी आहे.”

मग प्रात्यक्षिक. फ्लायव्हीलवर पांढऱ्या रंगाची ताजी रेघ होती. इंजिन चालू करून त्यानं टायमिंग लाइट मारला. झगमगत्या उजेडात फिरणारं चाक थांबल्यासारखं दिसतं आणि रेघ इंजिनवरच्या स्थिर काट्यासमोर येऊन उभी राहते. “ही बघा, ४ अंश, तंतोतंत.” मी डोळ्यांनी पाहिलं. लाइट खोटं बोलत नव्हता. पण ठिणगी पडते तेव्हा रेघ कुठे आहे, एवढंच लाइट दाखवतो. रेघ कुठे ओढायची ते ब्रश हातात असलेला ठरवतो. शून्य कुठून धरलं, हा प्रश्न मला सुचलाच नाही. त्या फ्लायव्हीलचा व्यास साधारण १२० मिलिमीटर, म्हणजे कडेवर एक अंश जेमतेम १ मिलिमीटर. त्याची नुसती रेघच ३ मिलिमीटर जाड होती! शिवाय हे सगळं आयडलवर दाखवलं. तपासणी किती आरपीएमला करायची ते इंजिनच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, कारण आरपीएम वाढतं तसं सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) टायमिंग बदलत जातो.

वेगाची चाचणी तर त्याहून साळसूद. ‘आधीची’ फेरी गाडी सुरू केल्याबरोबर, थंड एक्झॉस्टवर, भुसभुशीत बर्फात. ‘नंतरची’ फेरी इंजिन चांगलं तापल्यावर, टणक चकचकीत पट्ट्यावर. टू-स्ट्रोकचा एक्झॉस्ट पाइप तापला की इंजिन वरचं आरपीएम सहज गाठतं, त्याचा टायमिंगशी संबंध नाही. आणि माझ्या गाडीचा स्पीडोमीटर वेग घेतो ट्रॅक फिरवणाऱ्या शाफ्टवरून. निसरड्यावर ट्रॅक जागच्या जागी घसरला तरी काटा वर चढतो. काटा चढला आणि मी उरलेलं बिलही देऊन टाकलं.

दोन दिवसांनी तोच चढ, तेच सोबती. मी आणखीच मागे. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम ८,२०० वरून ७,९०० वर आलं होतं. फोन केला तर म्हणाला, “टॉर्क वाढलाय म्हणून तसं वाटतं.” ऐकायला छान. खरं कारण असं की ठिणगी लवकर पडली की एक्झॉस्टमध्ये जाणारा वायू तुलनेनं थंड असतो, पाइपची लय खालच्या आरपीएमला सरकते, आणि इंजिन किती आरपीएमला धावेल ते ठरवणारी क्लचची वजनं-स्प्रिंग मात्र जुन्याच हिशोबाची राहतात. टायमिंगला हात लावणारा क्लच आणि जेट (कार्ब्युरेटरमधून किती पेट्रोल जाईल ते ठरवणारं बारीक भोक) यांच्याबद्दल अवाक्षर काढत नसेल तर त्याला काम येत नाही, किंवा करायचं नाही. मी त्याच दिवशी थांबायला हवं होतं.

थांबलो नाही. पुढच्या आठवड्यात थंडी वाढली. थंड हवा दाट असते, त्याच जेटवर मिश्रण आणखी सुकं होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. गोठलेल्या तळ्यावर सरळ, लांबच लांब, थ्रॉटल दाबून धरलेला. नॉकिंग, म्हणजे मिश्रण सावकाश पेटण्याऐवजी धडाक्यानं फुटणं, झालं असणारच, पण हेल्मेटमध्ये आणि टू-स्ट्रोकच्या कर्कश आवाजात ते कानाला काय लागणार? आधी ताकद किंचित ओसरली, मग एकदम मागून कुणी धरल्यासारखं झालं. दोरी ओढली तर एका सिलेंडरला कॉम्प्रेशनच नाही. प्लग काढला. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक ठिपके, त्यात काही चकाकणारे. ते चकाकणारे कण माझ्याच पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. पहिल्या फेरीनंतर प्लग काढून पाहिला असता तर कदाचित तेव्हाच काळे ठिपके दिसले असते.

दुसऱ्या वर्कशॉपमधल्या बाईंनी कसली घाई केली नाही. शाबूत सिलेंडरच्या प्लगच्या भोकात डायल गेज (पिस्टन किती सरकला ते दाखवणारं माप) बसवला, क्रँक हातानं फिरवून टॉप पक्का केला आणि डायल शून्यावर आणला. मग मागे जाऊन, त्या ट्यूनरची पांढरी रेघ इंजिनवरच्या काट्यासमोर येईल असं फ्लायव्हील लावलं. “वाचा,” म्हणाल्या. डायल ४ मिलिमीटर दाखवत होता, म्हणजे ठिणगी पडताना पिस्टन टॉपच्या एवढा खाली होता. माझ्या इंजिनचा स्ट्रोक ६८, रॉड १२५ मिलिमीटर. त्या मापाला कंपनीचे १६ अंश म्हणजे साधारण १.७ मिलिमीटर, मला सांगितलेले २० अंश म्हणजे २.६, आणि ४ म्हणजे चक्क २५ अंश. चार नाही, नऊ अंश पुढे. कंपनीची कोरलेली खूण त्यांनी रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढली. तिच्यावर ग्रीसचा लेप होता. तो आपोआप बसला की बसवला, माहीत नाही. कॉइलची प्लेट भोकांच्या पार टोकाला नेऊन घट्ट केलेली होती.

मग पुलर लावून फ्लायव्हील काढलं. आतली चावी सरळ. कंपनीचीच, जुनी. माझ्या तळहातावर ठेवलेली पायरीवाली चावी त्याच्या खिशात परत गेली होती आणि बहुधा पुढच्या गिऱ्हाइकाच्या तळहाताची वाट बघत होती. बाई म्हणाल्या, “बरं झालं, तीही बसवली असती तर तेरा अंश झाले असते. दुसरा पिस्टनही गेला असता.”

दोन्ही पिस्टन, एक सिलेंडर आणि सील बदलले. टायमिंग कंपनीच्या खुणेवर आलं. क्लचची फक्त वजनं आमच्या उंचीप्रमाणे बदलली, तर चढावर जे हवं होतं ते निम्म्याहून जास्त मिळालं.

फ्लायव्हीलचे फोटो आणि डायलचं रीडिंग घेऊन मी त्याच्याकडे गेलो. आधी त्यानं पेट्रोल खराब असल्याचं सांगितलं, मग जेट. शेवटी माझ्याच हातातलं बिल घेऊन माझ्यासमोर धरलं. “यात ४ अंश कुठे लिहिलंय?” बिलावर दोन शब्द होते, ‘टायमिंग ट्यूनिंग’. त्याखाली बारीक अक्षरात, बदल केलेल्या इंजिनाला हमी नाही. अंश नव्हते, मिलिमीटर नव्हते, कुठल्या आरपीएमला मोजलं ते नव्हतं, चावीचा उल्लेखही नव्हता. खाली माझी सही मात्र होती.