मेरी वुल्स्टनक्राफ्ट : ‘व्हिंडिकेशन’ की प्रवासपत्रं?

अठराव्या शतकातल्या या इंग्रज स्त्रीहक्कवादी लेखिकेबद्दल भाचीनं विचारलं, ‘मावशी, वुल्स्टनक्राफ्टचं एकच पुस्तक वाचायला वेळ आहे. १७९२ चं ‘व्हिंडिकेशन ऑफ द राइट्स ऑफ वुमन’ घेऊ, की १७९६ ची स्वीडन-नॉर्वे-डेन्मार्कची पत्रं?’

वाचायला पत्रं सोपी. २५च आहेत, समुद्र-कडेकपारी डोळ्यांपुढे उभ्या करणारी. ‘व्हिंडिकेशन’ची वाक्यं लांबलचक, मुद्दे पुन्हा पुन्हा येतात, नेट लावावा लागतो.

युक्तिवादात मात्र ‘व्हिंडिकेशन’च वरचढ. फ्रेंच भाषेत लिहिणारा विचारवंत रूसो, त्याच्या ‘एमिल’ या पुस्तकातली सोफी पुरुषाला रिझवण्यासाठी घडवलेली. मेरी ती कल्पनाच मोडून काढते. स्त्रीलाही बुद्धी आहे, तर शिक्षण वेगळं का?

आणि माणूसपण? प्रेमाचा आवेग ओसरून मैत्री उरावी, असं बजावणारी हीच बाई पत्रांत प्रियकर इम्लेच्या विरहानं पोळलेली दिसते. त्यांच्या तान्ह्या मुलीला, फॅनीला, घेऊन ती त्याच्याच धंद्याच्या कामासाठी फिरत होती. मुलीकडे पाहताना तिला स्त्रीजातीच्या परावलंबनाची धास्ती वाटते. या विसंगतीनं तिचे विचार खोटे ठरत नाहीत. मला तर ती इथं अधिक जवळची वाटते.

परीक्षा, निबंध किंवा वादविवादासाठी ‘व्हिंडिकेशन’ घे. त्या विचारांची किंमत मोजणारी बाई भेटायला हवी असेल, तर पत्रं.