डाएट कोकचा कॅन: चव, भीती आणि बारीक अक्षरं

मिरजेत माझं मेडिकलचं दुकान आहे. शुगरच्या गोळ्या आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या सगळ्यात जास्त खपतात, आणि मी स्वतः त्याच गिऱ्हाइकांतला. त्यामुळे "काका, डाएट कोकनं कॅन्सर होतो म्हणे?" हा प्रश्न काउंटरवर येतोच. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा इथे लिहितो.

आधी चव. ३०० मिलीचा रुपेरी कॅन, चाळीसेक रुपयांना. थंडगार असेल तरच मजा. पहिला घोट कोकचाच, पण गोडी जरा उशिरा येते आणि गिळल्यावरही जिभेच्या मागे रेंगाळते. साखरेचा कोला प्यायल्यावर ओठ चिकट होतात, तसं इथे होत नाही. मला आता हेच बरं वाटतं. बायको म्हणते औषधाचा वास येतो, पण तो तिला माझ्या शर्टालाही येतो.

गोडी येते ती अ‍ॅस्पार्टेम आणि एसेसल्फेम पोटॅशियम या दोन पदार्थांमुळे. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड, म्हणून चिमूटभरात भागतं. साध्या कोलाच्या तेवढ्याच कॅनमध्ये तीसेक ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे सहा चमचे. डाएटचा कॅन संपवून मी मशीन लावून पाहिलंय, आकडा जागचा हलला नाही.

आता कॅन्सर. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अ‍ॅस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक', म्हणजे २बी गटात टाकलं आणि सगळ्या ग्रुपवर बोंब उठली. या गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, आणि तो बाटलीत भरून विकणारे रोज माझ्याकडे येतात. पुरावा किती भक्कम आहे एवढंच ते गट सांगतात. किती प्यायलं तर धोका, हे सांगायचं काम दुसऱ्या समितीचं. तिनं त्याच दिवशी जुनी मर्यादा कायम ठेवली: दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम, तेही रोज, जन्मभर घेतलं तरी चालेल असं धरून.

हिशोब करा. माझं वजन ७८ किलो, म्हणजे ३१२० मिलिग्रॅम. एका कॅनमध्ये जास्तीत जास्त ३०० धरले तरी दहाव्या कॅनपर्यंत मी हद्दीत. दिवसाला चारशे रुपयांचा कोला पिणाऱ्याला आधी घरचेच बाहेर काढतील. पण हाच हिशोब वीस किलोच्या पोराला लावा. त्याची मर्यादा ८०० मिलिग्रॅम, म्हणजे तिसऱ्या कॅनलाच ती ओलांडली जाऊ शकते. लग्नाच्या हॉलवर मुलं टबातून कॅन कसे उचलतात ते बघितलंय ना? मुलांसाठी नाही, असं कॅनवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. शेजारीच आणखी एक ओळ असते, फेनिलकीटोन्युरिया असणाऱ्यांनी घेऊ नये अशी. हा जन्मजात आजार. अ‍ॅस्पार्टेम पोटात फुटलं की फेनिलअ‍ॅलनिन सुटतं आणि या लोकांच्या शरीराला ते पचवता येत नाही. आजार दुर्मिळ आहे, पण ज्याला आहे त्याच्यासाठी ती ओळ फार मोलाची. मेथॅनॉलही, म्हणजे विषारी दारूतलं ते स्पिरिट, थोडं सुटतं हे खरं. मात्र ग्लासभर टोमॅटोच्या रसातून त्याहून जास्त सुटतं, आणि सारावर कुणी फॉरवर्ड पाठवत नाही.

आपल्याकडे भीतीचं मूळ सॅकरिनमध्ये, म्हणजे साखरेऐवजी वापरायच्या जुन्या कृत्रिम गोडव्यात आहे. लहानपणी गोळेवाल्याच्या सरबताला कडवट शेवट असला की "सॅकरिन घालतो मेला" हे ठरलेलं. उंदरांच्या मूत्राशयात गाठी सापडल्या म्हणून १९७७ मध्ये अमेरिकेत त्यावर बंदी घालायचं घाटत होतं. पुढे कळलं की ती भानगड उंदरांच्या लघवीच्या घडणीतली, माणसात तसं होत नाही. २००० साली ते संशयितांच्या यादीतून निघालं, आपल्या डोक्यातून काही निघालं नाही. जाता जाता, सुक्रालोज हा आणखी एक गोडवा १९७६ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत शशिकांत फडणीस यांच्या जिभेनं शोधला. त्यांना इंग्रजीत नमुना 'test' करायला, म्हणजे तपासायला सांगितला होता, त्यांनी 'taste', म्हणजे चाखायला, असं ऐकलं आणि चाखला! आडनाव बघून मला उगाच अभिमान वाटतो.

मग बिनधास्त प्यायचं का? तसंही नाही. २०२२ मध्ये फ्रान्सच्या लाखभर लोकांच्या पाहणीत गोडवे जास्त घेणाऱ्यांत कॅन्सर थोडा जास्त दिसला. पण डाएटकडे वळतात ते बहुधा आधीच वजन वाढलेले लोक, त्यामुळे दोष नेमका कशाचा हे अशा पाहणीतून सुटत नाही. आणि मे २०२३ मध्ये आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं की वजन उतरवण्यासाठी हे गोडवे वापरू नका, लांबच्या पल्ल्यात फायदा दिसत नाही. हा सल्ला मधुमेह्यांना लागू नाही, असंही त्यातच आहे. मला यात काही आश्चर्य वाटत नाही. डाएट कोकच्या जोरावर मिसळीबरोबर दोन पाव जादा मागवणारे माझ्या ओळखीचे आहेत. दातांचं म्हणाल तर फॉस्फोरिक अ‍ॅसिड यातही आहे. साखर नसली तरी दातांवरचं आवरण झिजतं, म्हणून चघळत बसू नका. कॅफीनही आहे, रात्री नको.

शुगरवाल्यांसाठी एक गोष्ट मात्र घट्ट लक्षात ठेवायची. इन्सुलिन किंवा गोळी घेतल्यावर शुगर एकदम उतरली, दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर हा कॅन काडीच्या कामाचा नाही. तेव्हा खरी साखर, ग्लुकोज पावडर किंवा साखरेचा कोलाच लागतो. फ्रीजमध्ये दोन्ही कॅन असतील तर कुठला कुठला ते घरच्यांना दाखवून ठेवा, कारण त्या घाईत कुणी लेबल वाचत नाही.

मी आठवड्याला दोनेक कॅन पितो, आणि पाचपैकी साडेतीन देईन. साखरेच्या कोलाची सवय सुटत नसेल तर जरूर घ्या. मुळात कोला पीतच नसाल तर ताक झकास आहे. घेताना बुडाची तारीख बघा. उन्हात पडून राहिलं की अ‍ॅस्पार्टेम हळूहळू फुटतं आणि गोडी उतरते. अपाय होतो असं नाही, पण एप्रिलमध्ये टपरीबाहेर तापलेल्या खोक्यातला कॅन घेतलात तर चाळीस रुपयांत नुसतं आंबट पाणी प्याल.