लायसन्स लागत नाही म्हणाला आणि लायसन्सचेच पैसे घेतले

मुलगी ऐरोलीला सेकंड शिफ्टला जाते. ठाण्याला उतरून कोपरीत घरी पोचेपर्यंत बारा वाजतात. मोबाईलवर विजेचा झटका देणाऱ्या टॉर्चची जाहिरात दिसली, ‘शॉक टॉर्च, लायसन्स लागत नाही’, आणि तिच्यासाठी २,४९९ रुपये आगाऊ भरले. कुठल्याही बापाने भरले असते.

चार दिवसांनी फोन. “काका, नियम बदललाय. पार्सल सोडवायला परवाना काढावा लागेल, १,८५० टाका.”

इथेच. इथेच ट्यूब पेटायला हवी होती! एकतीस वर्षं अकाउंट्समध्ये लोकांची व्हाउचरं तपासली मी, आणि जिला लायसन्स लागत नाही त्या वस्तूचं लायसन्स विकत घेतलं. पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर परवाना हजर. वर सिंह, खाली गोल शिक्का, मध्ये ‘थाने’. तोही मी बायकोला कौतुकाने दाखवला.

अहो, शस्त्र परवाना इथे पोलीस आयुक्तालय देतं, अर्ज आणि चौकशी करून. विकणारा कोण देणारा? आणि झटका देऊन माणूस निकामी करणारी उपकरणं २०१६ च्या शस्त्र नियमांत घेतलेली आहेत, म्हणजे जाहिरातच खोटी. हे शहाणपण नंतरचं.

पार्सल आलं, पाठोपाठ ‘सायबर सेल’चा फोन. डीपीवर वर्दी. “बेकायदा शस्त्र घेतलंत. मुलीवर गुन्हा नोंदवू का?” मुलीचं नाव निघालं आणि माझी बोबडी वळली. १८,५०० पाठवले. एकूण २२,८४९. पोलीस व्हॉट्सॲपवरून दंड घेत नाहीत, हे पाठ करून ठेवा.

लाजेपायी तीन दिवस गप्प बसलो. तुम्ही बसू नका, लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाईन, फिरवा. माझे पैसे तोवर खात्यातून निघून गेले होते. मग चौकी. “काका, असलं मागवलंच कशाला?” म्हणजे आरोपी मी! पैसे नवी मुंबईतल्या खात्यात गेलेत, तिकडे जा. तिकडे गेलो तर, राहता कोपरीत ना, मग आमची हद्द नाही. गुन्हा हद्द न बघता कुठल्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो, हे काय मी शिकवायचं त्यांना? दोन रजा गेल्या, हातात साधी पोच नाही.

मुलीला आता पेपर स्प्रे घेऊन दिलाय, त्याला परवाना लागत नाही.

टॉर्चचं बटण एकदाच दाबलं. दोन पितळी टोकांमध्ये निळी ठिणगी, कट्‌कट्. बायको म्हणाली, “यापेक्षा आपली मच्छर मारायची बॅट बरी.” टॉर्च चौकीत जमा करायला नेली तर घेईनात, कचऱ्यात टाकायची भीती वाटते. कपाटात कुलपात पडून आहे, तिच्या परवान्यासकट.