इंग्रजीत चाळीसची हमी

2023 ची तलाठी भरती. जागा 4644, अर्ज दहा लाखांच्या वर. पेपर 200 मार्कांचा, मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्ता, प्रत्येकी 25 प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही. बाकीचं मी ओढून नेलं असतं, घोडं अडायचं ते इंग्रजीपाशी. आमच्या शाळेत इंग्रजी म्हणजे गाईड पाठ करणं. नवी पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत माझ्यासारखे ढिगाने होते, आणि ही भीती विकणाऱ्यांना आमच्याआधी कळलेली असते.

टेलिग्रामवर जाहिरात दिसली: 'इंग्रजीत 50 पैकी 40, नाही तर फी परत.' फी साडेसात हजार. फोनवरच्या ताई म्हणाल्या, "दादा, अकराच सीट राहिल्यात." ऑनलाइन बॅचला कसल्या आल्यात सीट, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आईने भिशी उचलून पैसे दिले. ते क्लासच्या खात्यावर नाही, एका माणसाच्या मोबाइल नंबरवर गेले. पावती ॲपवर येणार होती. अजून यायचीय.

पहिला आठवडा झकास गेला, खोटं कशाला बोलू. सरांनी ॲक्टिव्ह-पॅसिव्ह असं शिकवलं की मी ग्रुपवर आभार मानले. मग लाइव्ह तास बंद झाले आणि एक पीडीएफ आली, 'हमखास येणारे 1500 प्रश्न'. मी तिची प्रिंट काढून घोकायला घेतली. खोलीतला मित्र स्टाफ सिलेक्शनचा अभ्यास करायचा. त्याने दोन पानं चाळली आणि म्हणाला, "अरे, हे तर आमचे जुने पेपर! फुकट मिळतात." पान उजेडात तिरकं धरलं तर सरांच्या लोगोखाली दुसऱ्याच कुणाचा अर्धवट पुसलेला लोगो दिसत होता.

त्याहून वाईट म्हणजे उत्तरं चुकलेली. 'ही इज सीनिअर डॅश मी' याला त्यांचं उत्तर 'दॅन'. मित्र म्हणाला, 'टू' हवं. मी त्याच्याशी दोन दिवस भांडलो. साडेसात हजार दिलेला माणूस फुकट सांगणाऱ्याचं कशाला ऐकेल?

परीक्षेनंतर लॉगिनमध्ये आपली उत्तरं आणि उत्तरतालिका दिसते. मोजलं. इंग्रजीत 25 पैकी 11 बरोबर, म्हणजे 22 मार्क. फी परत मागितली तर म्हणाले, "उत्तरतालिका चालणार नाही. अधिकृत निकालात इंग्रजीचे मार्क दाखवा." निकाल लागला तो एकूण मार्कांचा, तोही नॉर्मलायझेशन करून, म्हणजे वेगवेगळ्या पाळ्यांचे सोपे-अवघड पेपर सूत्राने एका पातळीवर आणून. (त्याच निकालात कुणाला 200 पैकी 214 पडले म्हणून गदारोळ झाला होता.) विषयवार मार्क त्यात नव्हतेच. हमी देताना त्यांना हे पक्कं ठाऊक होतं, तिथेच सगळी मेख होती. दुसऱ्यांदा विचारलं तर ग्रुपमधून काढलं.

1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते पावतीचं. पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम आणले. निवडीची किंवा मार्कांची हमी देता येत नाही, यशस्वी मुलांचे फोटो त्यांच्या संमतीशिवाय छापता येत नाहीत. तरी 'हमखास' लिहिलेले फ्लेक्स पेठेत मी परवाही पाहिले. पैसे भरण्याआधी संस्थेच्या नावाची पावती मागा, आणि हमीचा पुरावा नेमका कोणता कागद धरणार ते लिहून घ्या. टाळाटाळ झाली की तिथूनच मागे फिरा.

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरने त्याच सरांच्या नव्या बॅचची जाहिरात पाठवली, 'दादा, घेऊ का?' म्हणून. फी आता नऊ हजार. खाली 'विद्यार्थी काय म्हणतात' या मथळ्याखाली पहिलाच स्क्रीनशॉट, नाव कापलेला: 'सर, आयुष्यात पहिल्यांदा पॅसिव्ह कळलं. खूप आभार.' मेसेज माझाच होता.