भीतीच्या जाहिराती, आशेच्या जाहिराती : 'द लिव्हिंग रूम कँडिडेट' बघून झाल्यावर

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, अ‍ॅस्टोरियात, 'म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेज' हे संग्रहालय आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकांतल्या टीव्हीवरच्या निवडक जाहिराती त्यांनी 1952 पासून जमवून इंटरनेटवर बघायला ठेवल्या आहेत. या संग्रहाचं नाव 'द लिव्हिंग रूम कँडिडेट'. पैसे लागत नाहीत. मी पुण्यात जाहिराती लिहिते, जास्त करून रेडिओच्या, आणि नव्या मुलांना कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहायला शिकवायची वेळ आली की मी त्यांना आधी इथे पाठवते. प्रचाराच्या जाहिराती म्हणजे एकतर चिखलफेक नाहीतर गोडगोड स्वप्नं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तर हा संग्रह बघायलाच हवा.

मांडणी सोपी आहे. निवडणुकीचं वर्ष निवडायचं, की त्या वर्षाची थोडक्यात पार्श्वभूमी, निकाल आणि दोन्ही बाजूंच्या जाहिराती समोर येतात. विषयानुसार आणि प्रकारानुसारही बघता येतं. भीती दाखवणाऱ्या, लहान मुलं वापरणाऱ्या, सामान्य माणसांच्या तोंडून बोलणाऱ्या, करणाऱ्यावरच उलटलेल्या, असे त्यांनी गट पाडलेत. मला सगळ्यात मोलाची वाटते ती जाहिरातीखाली दिलेली संहिता. बोललेला शब्द न् शब्द लिहिलेला असतो, जाहिरात कोणी केली तेही असतं. मी आधी आवाज बंद करून नुसती चित्रं बघते, मग डोळे मिटून ऐकते, मग संहिता वाचते. तिन्ही वेळा जाहिरात वेगळी लागते.

1952 च्या जाहिराती आज भाबड्या वाटतात. आयझेनहॉवरसाठी डिस्नेच्या कलाकारांनी केलेलं मिरवणुकीचं कार्टून आहे, त्यातलं गाणं आपल्या 'ताई माई अक्का, विचार करा पक्का'सारखं डोक्यात घोळत राहतं. त्याच वर्षी रॉसर रीव्ह्ज या जाहिरातवाल्याने आयझेनहॉवरकडून आधी नुसती उत्तरं वाचून घेतली आणि प्रश्न विचारणारी माणसं नंतर वेगळी चित्रित करून जोडली. उमेदवार आणि मतदार एकमेकांना भेटलेच नाहीत, पडद्यावर मात्र संवाद झाला. पुढच्या सगळ्याची सुरुवात इथेच आहे.

आता 1964 ची 'डेझी'. अणुस्फोटाची जाहिरात म्हणून तिचं नाव अनेकांनी ऐकलेलं असतं, पण ती नीट ऐकलेली नसते. पक्ष्यांची किलबिल चालू आहे. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या तोडत मोजते आहे. ती चुकते. पाचनंतर सात म्हणते, मग सहा, पुन्हा सहा, आठ, नऊ, पुन्हा नऊ. कुठल्याही दिग्दर्शकाला हे पुन्हा घ्यावंसं वाटलं असतं. ते तसंच ठेवलं यात त्या लोकांचं कसब आहे. त्या चुकण्यामुळे ती जाहिरातीतली मुलगी राहत नाही, आपल्या घरातली होते. मग एका पुरुषाचा कोरडा, यंत्रासारखा आवाज दहापासून उलटा मोजायला लागतो. तो चुकत नाही. मुलगी मान वर करते, चित्र थिजतं, कॅमेरा तिच्या डोळ्याच्या बाहुलीत शिरतो आणि शून्यावर स्फोट होतो.

ही जाहिरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सनच्या प्रचाराची, डॉयल डेन बर्नबाक या एजन्सीने केलेली, आणि आवाजाची कल्पना टोनी श्वार्ट्झची. 7 सप्टेंबर 1964 ला एनबीसीवर ती पैसे देऊन एकदाच दाखवली गेली, बाकी सगळं काम बातम्यांनी फुकटात केलं. तिच्यात जॉन्सनच्या विरोधातल्या गोल्डवॉटरचं नावसुद्धा नाही. अण्वस्त्रं वापरण्याबद्दल गोल्डवॉटर किती सहज बोलले होते ते लोकांच्या डोक्यात आधीच होतं, त्याला नुसता धक्का दिला. आणि स्फोटानंतर जॉन्सनचा आवाज येतो तो काय सांगतो? आपण एकमेकांवर प्रेम तरी करायला हवं, नाहीतर मरायला हवं. प्रचाराच्या इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या भीतीच्या जाहिरातीत उमेदवाराचं बोलणं प्रेमाच्या वाक्यावर येऊन थांबतं.

तिच्या शेजारी 1984 ची रेगनची 'मॉर्निंग इन अमेरिका' ठेवा. हिची संहिता हाल रायनीने लिहिली आणि वाचलीही त्यानेच. तो आवाज मी किती वेळा ऐकला असेन! कुठेही जोर नाही, घाई नाही, जणू शेजारचा वडीलधारा माणूस अंगणात उभा राहून बोलतोय. सायकलवरून पेपर टाकणारा मुलगा, नव्या घरात गालिचा उचलून नेणारे लोक, नवरीला मिठी मारणारी आजी, वर चढणारा झेंडा. रेगन दिसतात ते अगदी शेवटी. आशेची जाहिरात म्हणजे काय, याचं उदाहरण म्हणून सगळे हिच्याकडे बोट दाखवतात.

पण संहिता वाचा. आज दुपारी 6,500 तरुण-तरुणींची लग्नं होतील, असं रायनी सांगतो, आणि लगेच महागाई निम्म्याच्याही खाली आल्याचं जोडून देतो, म्हणजे आता त्यांनी निर्धास्तपणे पुढे बघावं. ऐकताना वाटतं, बरे दिवस आले म्हणून लग्नं होतायत. 1980 मध्ये, म्हणजे ज्या काळाला ही जाहिरात वाईट म्हणते त्या वर्षी, अमेरिकेत सुमारे 23 लाख 90 हजार लग्नं झाली होती. भागाकार करा, दिवसाला साडेसहा हजार येतात. लग्नं होतीच, जाहिरातीने ती आपल्या खात्यावर जमा केली. आणि शेवटचं वाक्य असं, की चार वर्षांपूर्वी आपण जिथे होतो तिथे परत कशाला जायचं? म्हणजे इतका वेळ गोंजारून जाताना भीती दाखवलीच. रेगन यांनी त्या वर्षी 50 पैकी 49 राज्यं जिंकली. ती या एका जाहिरातीने जिंकून दिली असं मी म्हणणार नाही, पण धंद्यातली माणूस म्हणून सांगते, आशेच्या जाहिरातीत तपासायला काहीच नसतं असं समजून आपण तिला फार सहज आत घेतो.

आकड्याचा दुसरा खेळ 1988 मध्ये बघायला मिळतो. थोरल्या बुश यांच्या प्रचाराची 'रिव्हॉल्व्हिंग डोअर'. फिरत्या फाटकातून कैद्यांची रांग आत जाते आणि तशीच बाहेर येते, रंग जवळजवळ नाहीतच. बुश यांचे प्रतिस्पर्धी, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर डुकाकिस यांनी पॅरोलचा हक्क नसलेल्या खुन्यांना सुट्टीवर सोडलं, असं आवाज सांगतो आणि पडद्यावर अक्षरं येतात, 268 पळाले. ऐकणाऱ्याला वाटणार, 268 खुनी मोकाट आहेत. तो आकडा सगळ्या प्रकारच्या कैद्यांचा होता, असे खुनी त्यात अगदी मोजके. शिवाय ही सुट्टीची योजना डुकाकिस यांच्या आधीच्या, रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात सुरू झालेली. ओळ खोटी नाही, आकडा खोटा नाही, दोन्ही शेजारी ठेवले की खोटं तयार होतं. लग्नांच्या बाबतीतही हेच केलं होतं, फक्त तिथे व्हायोलिन वाजत असल्यासारखं वाटत होतं म्हणून आपण रागावत नाही.

त्याच निवडणुकीतली, अशाच सुट्टीवर सोडलेल्या हॉर्टन नावाच्या कैद्याची जाहिरातही संग्रहात आहे. ती बुश यांच्या प्रचारयंत्रणेची नव्हती, बाहेरच्या एका गटाने केली होती. तिच्यात एका कृष्णवर्णीय कैद्याचा फोटो लावून गोऱ्या मतदाराला घाबरवलं आहे. मला ती बघवत नाही, तरी मी मुलांना दाखवते. 'डेझी' आणि ही, दोन्ही भीतीच्याच. पण 'डेझी' बॉम्बची भीती घालते, आणि ज्याच्या हातात बॉम्ब येऊ शकतो त्या सत्तेच्या उमेदवाराची. ही जाहिरात रस्त्यात भेटणाऱ्या माणसाची भीती घालते, त्याच्या कातडीच्या रंगाची. मतदान झाल्यावरही ती भीती घरात राहते. म्हणून जाहिरात नकारात्मक आहे की आशेची, हा प्रश्न मी हल्ली विचारत नाही. तुम्ही मला नक्की कोणाला घाबरायला सांगताय, हे विचारते.

या प्रश्नाने 2012 ची ओबामांची 'फर्म्स' मला फार लागली. 2008 चा आशेचा उमेदवार तो हाच. (2008 मध्येही त्यांनी प्रतिस्पर्धी मॅकेन यांच्या घरांच्या संख्येवरून बोचरी जाहिरात केली होती.) 'फर्म्स'मध्ये प्रतिस्पर्धी रॉम्नी बेसूर आवाजात देशभक्तीचं गाणं म्हणतायत, आणि त्यावर रिकाम्या कारखान्यांची चित्रं आणि पाट्या. नोकऱ्या मेक्सिकोला आणि चीनला पाठवल्या. गव्हर्नर असताना नोकऱ्या भारतात पाठवल्या. स्विस बँकेत खातं. काम म्हणून बघितलं तर अप्रतिम, उमेदवाराचा स्वतःचा आवाज त्याच्यावरच फिरवलाय, एक शब्द जास्तीचा नाही. पण भारताची पाटी आली की मला माझा भाचा आठवतो. हिंजवडीत अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे रात्रपाळी करून सकाळी डोळे चोळत घरी येणारा. पिट्सबर्गमधल्या कोणाचं तरी चोरलेलं काहीतरी त्याच्या हातात आहे, असं ती पाटी सांगते. ओहायोतल्या मतदाराची नोकरी गेली असेल, त्याचं दुःख मला खरंच वाटतं. त्याचा राग कोणावर वळवला गेला, ते मला पटत नाही.

संग्रहाची एक मर्यादा लक्षात ठेवून बघा. हा मुख्यतः टीव्हीचा संग्रह आहे, सगळा देश एकाच पडद्यावर एकच गोष्ट बघत होता त्या काळाचा. आता फोनवर ज्याला त्याला वेगळी जाहिरात पोचते. शेजाऱ्याला कसली भीती दाखवली हे आपल्याला कळतसुद्धा नाही, मग उत्तर देणार कोण? अशा जाहिरातींची जपणूक इतक्याच निष्ठेने व्हायला हवी, ही माझी कळकळीची अपेक्षा आहे.

पहिल्यांदा बघणार असाल तर 1964 पासून सुरुवात करा आणि 'डेझी'वर थांबू नका. त्याच वर्षाची 'कन्फेशन्स ऑफ अ रिपब्लिकन' बघा. चार मिनिटांहून मोठी आहे. एक माणूस कॅमेऱ्याकडे बघत बोलतो, आजवर आपण रिपब्लिकनांना मत दिलं, पण या वेळचा उमेदवार आपल्याला घाबरवतो. तो नट आहे आणि संहिता लिहिलेली आहे, तरी त्याचं अडखळत विचार करणं मनाला पटतं. इंग्रजी भरभर कळत नसेल तर संहिता उघडी ठेवून ऐका. घरात लहान मुलं असतील तर 'डेझी' आधी एकट्याने बघा आणि आवाज कमी ठेवा, स्फोट फार मोठा आहे.