गाण्याच्या वर्गाचं रेकॉर्डिंग मल्टिसेशन डीव्हीडीवर : काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या गाण्याच्या बाईंच्या शिकवणीचं रेकॉर्डिंग मी दर आठवड्याला डीव्हीडी+आर डिस्कवर थोडं थोडं जोडत आलेय. एकाच डिस्कवर असं वेगवेगळ्या वेळी लिहिणं म्हणजे मल्टिसेशन, आणि एका वेळी लिहिलेला भाग म्हणजे सेशन. एकदाच लिहिता येणारी साधी डिस्क, यूएसबीवर चालणारा स्लिम रायटर, लिनक्सचा लॅपटॉप आणि डिस्क राइट करायचं केथ्रीबी (K3b) हे सॉफ्टवेअर. पहिली डिस्क भरली, आता दुसरी चालू आहे. ज्याचा संग्रह हळूहळू वाढत जाणार आहे आणि कुणाच्या हातून तो पुसला जायला नको आहे, त्याने ही पद्धत जरूर वापरावी, असं माझं ठाम मत झालंय.

आधी सगळं पेनड्राइव्हवर असायचं. तो वर्गात सगळ्यांच्या हातांतून फिरतो, आणि एखादा फोल्डर उडाला तरी महिनोन्‌महिने कुणाला पत्ता नसतो. डिस्कवर एकदा राइट झालेलं सेशन मात्र तिथून हलत नाही. बाईंनी मध्यंतरी मारव्यातल्या एका बंदिशीचा अंतरा बदलून सांगितला, तेव्हा मी त्याच नावाची नवी फाइल जोडली. डिस्क उघडल्यावर नवीच दिसते, पण जुनी आपल्या जागी शाबूत आहे आणि हवी तेव्हा काढून ऐकता येते. अर्थात, त्यामुळेच फाइल डिलीट करून जागा परत मिळत नाही. यादीतून फक्त नाव जातं.

सगळी मेख या यादीत आहे. प्रत्येक सेशनमध्ये फाइलींची यादी नव्याने लिहिली जाते. तिच्यात नव्या फाइली असतात आणि जुन्या फाइली डिस्कवर कुठे आहेत त्याच्या नोंदीही असतात. कॉम्प्युटर शेवटची यादी वाचतो. म्हणून जोडताना आधीचं सेशन इम्पोर्ट करायलाच हवं, म्हणजे त्याची यादी नव्या यादीत आणायलाच हवी. केथ्रीबीत पहिल्या वेळी ‘स्टार्ट मल्टिसेशन’ आणि नंतर ‘इम्पोर्ट सेशन’ करून ‘कंटिन्यू’, एवढंच लक्षात ठेवायचं. कमांड लाइनवर ग्रोआयसोएफएस (growisofs) ही राइट करायची कमांड वापरणाऱ्यांसाठी पहिल्यांदा मोठा ‘झेड’ (-Z) हा पर्याय, नंतर दर वेळी मोठा ‘एम’ (-M).

वर्गातल्या एका दादांनी त्यांच्याकडची डिस्क दुसऱ्या मशीनवर इम्पोर्ट न करता राइट केली. उघडून बघतात तर फक्त त्या आठवड्याचा यमन, बाकी सगळं गायब! त्यांचा चेहरा पडला होता. मी ती डिस्क घरी आणून लॅपटॉपला लावली, एक्सॉरिसो (xorriso) या कमांड लाइनच्या प्रोग्रॅममध्ये उघडली आणि सेशन्सची यादी दाखवणारी ‘टॉक’ (-toc) कमांड दिली. एकाखाली एक सगळी सेशन्स आली, प्रत्येकाचा क्रमांक आणि सुरुवातीचा सेक्टर यांसकट. शेवटच्याच्या आधीचं सेशन क्रमांक देऊन लोड केलं आणि सगळे फोल्डर जसेच्या तसे हार्डडिस्कवर उतरवून घेतले. हे पाहिल्यापासून या पद्धतीवरचा माझा विश्वास दुणावला.

हे सगळं डीव्हीडीवरच करा, सीडीवर नको. सीडीवर पहिलं सेशन बंद करताना साधारण 22 एमबी आणि नंतरच्या प्रत्येक सेशनला 13 एमबीच्या आसपास जागा नुसती लीड-इन, लीड-आउटमध्ये, म्हणजे सेशनच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणेच्या पट्ट्यांमध्ये जाते. 700 एमबीच्या सीडीवर वीस सेशन्स केली तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा त्यातच संपते. डीव्हीडी+आरवर हा खर्च दर सेशनला काही एमबींचाच, आणि एकूण जागा 4.7 जीबी. आमची तासाभराची शिकवणी मोनो फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) 150 एमबीच्या आसपास भरते, म्हणजे कित्येक महिन्यांची सोय एका डिस्कमध्ये होते.

राइट झाल्यावर नवीन फाइली दिसल्या नाहीत तर घाबरू नका. ट्रे बाहेर काढून परत आत ढकला, तोवर बऱ्याचदा जुनीच यादी दिसत राहते. स्लिम रायटरचा ट्रे आपोआप आत जात नाही, तो हातानेच लावावा लागतो. त्यानंतर मी डिस्कवरच्या आणि मूळ फाइलीचा एमडी5 (फाइलीवरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळवून बघते, आणि जुळल्याशिवाय रेकॉर्डरमधली मूळ फाइल पुसत नाही. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असल्याशिवाय राइट करायला घेत नाही. अर्ध्यावर वीज गेली तर आधीची सेशन्स सहसा वाचता येतात, पण पुढे जोडता येईलच असं नाही. आणि प्रत्येक सेशन दोन डिस्कवर राइट करते, एक माझ्याकडे, एक बाईंच्या कपाटात.

विंडोजवाल्यांसाठी थोडंसं. इमगबर्न (ImgBurn) हे डिस्क राइट करायचं सॉफ्टवेअर एरवी छान आहे, पण त्यात मल्टिसेशनची सोय नाही. विंडोज स्वतः विचारतं तो ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी’ डिस्क हा पर्याय वेगळ्या पद्धतीचा आहे. रोजच्या कामाला ठीक, पण वर्षानुवर्षं ठेवायच्या गोष्टींसाठी मी तो निवडणार नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. टीव्हीखालचे जुने डीव्हीडी प्लेअर आणि गाडीतले सीडी प्लेअर पुष्कळदा पहिलंच सेशन वाचतात. बाईंच्या प्लेअरवर फक्त पहिल्या आठवड्याचा भूप लागायचा. त्यांना कॉम्प्युटर नको असतो, म्हणून त्यांच्यासाठी निवडक बंदिशींची ऑडिओ सीडी वेगळी काढते, एकाच सेशनमध्ये राइट करून लगेच क्लोज केलेली, म्हणजे पुढे काही जोडता न येणारी. 80 मिनिटांत दोन राग आरामात बसतात.