ध्रुवीय खडकाच्या हालचालीसाठी दोन मोफत डेटासेवा : नेवाडाच्या कालमालिका आणि ग्रेसचे मॅस्कॉन

ध्रुवीय प्रदेशातील खडक दरवर्षी किती मिलिमीटर वर सरकतो, हे शोधू पाहणाऱ्याला आज स्वतःचे एकही यंत्र न बसवता काम सुरू करता येते. नेवाडा विद्यापीठाच्या रीनो येथील भूगणित प्रयोगशाळेने तयार केलेल्या जीपीएस कालमालिका आणि नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने प्रसिद्ध केलेले, गुरुत्वावरून वस्तुमान मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहमोहिमेचे मॅस्कॉन, म्हणजे वस्तुमानातील बदलांचे मासिक नकाशे, या दोन्ही सेवा विनामूल्य आहेत. पहिलीसाठी नोंदणीही लागत नाही, दुसरीसाठी नासाच्या संकेतस्थळावर खाते उघडावे लागते, एवढाच फरक. आपापल्या कामात दोन्ही सेवा उत्तम आहेत. मात्र भूकवचाची हालचाल हा विषय असेल, तर पहिलीतला तयार आकडा आणि दुसरीतला तयार नकाशा या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवून त्यांच्या मागच्या कच्च्या मालाकडे जावे लागते, आणि त्या वाटेवर कोणती सेवा किती साथ देते यावरच तिचे मूल्यमापन व्हायला हवे.

नेवाडाच्या प्रयोगशाळेची सेवा जेफ्री ब्लुइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. जगभरातील हजारो स्थानकांचा डेटा गोळा करून, तो एकाच आज्ञावलीतून आणि एकाच संदर्भचौकटीत (ज्या अक्षप्रणालीत स्थिती मोजतात तिच्यात) सोडवून, प्रत्येक स्थानकाची रोजची स्थिती येथे दिली जाते. ध्रुवीय अभ्यासकाला या एकसारखेपणाचे महत्त्व चटकन कळते, कारण ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरील पन्नासहून अधिक स्थानके आणि अंटार्क्टिकातील बर्फातून डोके वर काढणाऱ्या खडकांवर बसवलेली स्थानके निरनिराळ्या संस्थांनी, निरनिराळ्या वेळी आणि निरनिराळ्या उपकरणांनी उभारलेली आहेत. यांतील बरीच स्थानके 2007-08 च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या निमित्ताने पोलेनेट या ध्रुवीय स्थानकजाळ्याच्या प्रकल्पातून आली. त्यांचा डेटा स्वतः सोडवायला बसणे म्हणजे उपग्रहांच्या कक्षा, घड्याळांच्या दुरुस्त्या, अँटेनांची परिमाणे आणि वातावरणातील विलंब यांत काही महिने घालवणे होय. ते सगळे काम येथे झालेले मिळते.

मर्यादा आहेत, पण त्यांतल्या बऱ्याचशा ध्रुवांच्या आहेत, सेवेच्या नाहीत. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी 55 अंशांचा कोन करतात, त्यामुळे ध्रुवावर उभ्या असलेल्या अँटेनाला उपग्रह क्षितिजापासून सुमारे 45 अंशांपेक्षा वर कधीच दिसत नाही. डोक्यावरचे आकाश रिकामे राहते आणि त्याची किंमत नेमकी उंचीच्या मापनात मोजावी लागते, म्हणजे ज्या दिशेची हालचाल आपल्याला हवी असते तिच्याच. रशियाच्या ग्लोनास या दिशादर्शक उपग्रहप्रणालीच्या कक्षा सुमारे 65 अंशांच्या असल्याने त्यांचे उपग्रह जोडले की परिस्थिती सुधारते. याशिवाय ध्रुवीय आयनांबराची, म्हणजे वातावरणाच्या विद्युत्भारित वरच्या थराची, चंचलता आहे, अँटेनावर साचणारे हिम आहे, आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या रात्रीत बॅटऱ्यांवर तग धरणारी स्थानके आहेत. हिवाळ्यात काही स्थानकांची उंची अचानक सेंटिमीटरच्या घरात सरकलेली दिसते. ती खडकाची हालचाल नसते. बर्फाच्या थरातून येणाऱ्या संकेताला झालेला तो उशीर असतो. असे दिवस वापरणाऱ्याने स्वतःच ओळखून वगळायचे असतात.

फाईल उघडल्यावर काय दिसते, तेही सांगायला हवे. प्रत्येक ओळ एका दिवसाची असते. तारीख अनेक वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेली असते. पूर्व, उत्तर आणि ऊर्ध्व या तिन्ही दिशांसाठी पूर्ण मीटर एका रकान्यात आणि मीटरचा अपूर्णांक शेजारच्या रकान्यात असतो. पुढे अँटेनाची उंची, तिन्ही दिशांतील अनिश्चितता आणि त्यांचे परस्परसंबंध येतात. ही रचना पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोंधळात टाकते, पण एकदा सवय झाली की साधी आहे. आलेख काढण्यापूर्वी दोन्ही रकान्यांची बेरीज करून घेतलेली बरी, आणि अँटेनाच्या उंचीच्या रकान्यावरून एक नजर फिरवावी, कारण त्यातील बदल म्हणजे कोणीतरी स्थानकावर जाऊन काहीतरी बदलले असल्याची खूण असते. उपकरणांतील बदल आणि जवळचे भूकंप यांच्या तारखांची एक वेगळी फाईलही प्रयोगशाळा देते. भूकंपांचा अंटार्क्टिकाशी काय संबंध, असे वाटणाऱ्याने मार्च 1998 मध्ये बॅलेनी बेटांजवळ झालेला 8.1 तीव्रतेचा भूकंप आठवावा. त्यानंतरची संथ विरूपणे त्या बाजूच्या किनाऱ्यावरील स्थानकांच्या मालिकांत वर्षानुवर्षे दिसत राहिली आहेत.

आता त्या तयार आकड्याविषयी. प्रत्येक स्थानकासाठी प्रयोगशाळा मायडास पद्धतीने काढलेला वेग देते. या पद्धतीत साधारण एक वर्षाच्या अंतरावरील दोन-दोन दिवसांच्या जोड्या घेतात, प्रत्येक जोडीवरून उतार काढतात आणि सर्व उतारांचा मध्यक स्वीकारतात. त्यामुळे ऋतुचक्राचा परिणाम आपोआप नाहीसा होतो आणि मालिकेतील एखाद-दुसऱ्या उडीने निकाल बिघडत नाही. खंडांतर्गत स्थिर प्रदेशासाठी याहून सोयीची पद्धत सापडणे कठीण आहे. परंतु ध्रुवांवर वेग स्थिर नसतोच. ग्रीनलंडमध्ये 2010 आणि 2012 च्या उन्हाळ्यांत बर्फ विलक्षण वेगाने वितळला, तेव्हा किनाऱ्यावरील खडक त्या प्रमाणात लगोलग वर उचलला गेला, आणि पुढे वितळण्याचा वेग मंदावला तेव्हा उचलले जाणेही मंदावले. अशा पंधरा-वीस वर्षांच्या मालिकेला एकच मध्यक वेग लावला, तर संख्या अचूक दिसते पण ती कोणत्याच काळाचे वर्णन करत नाही. तक्त्यातील अनिश्चितता लहान असते म्हणून वापरणारा निश्चिंत होतो, हा धोका त्यातून आणखी वाढतो. सेवेने वेगाच्या शेजारी त्वरणाचा एक रकाना दिला असता तर फार बरे झाले असते.

ग्रेसच्या बाबतीत परिस्थिती उलट आहे. मार्च 2002 मध्ये सोडलेले दोन उपग्रह सुमारे 220 किलोमीटर अंतर राखून एकामागून एक फिरत होते आणि त्या अंतरातील मायक्रोमीटर पातळीचे बदल मोजून खालच्या वस्तुमानाचा अंदाज घेत होते. 2017 मध्ये ती मोहीम संपली आणि मे 2018 मध्ये तिची उत्तराधिकारी, ग्रेस फॉलो-ऑन, सुरू झाली. कक्षा जवळजवळ ध्रुवांवरून जाते, त्यामुळे जिथे जीपीएसला आकाश अपुरे पडते तिथेच ग्रेसच्या वाटा सर्वांत दाट होतात. या दोन पद्धती एकमेकींच्या उणिवा भरून काढतात, हे म्हणणे इथे नुसते शिष्टाचाराचे राहत नाही.

मॅस्कॉनची फाईल वापरायला अतिशय सोपी आहे. प्रत्येक महिन्यासाठी जगाचा एक नकाशा, प्रत्येक चौकटीत पाण्याच्या थराची समतुल्य जाडी सेंटिमीटरमध्ये, सोबत अनिश्चितता. हा सोपेपणाच फसवा आहे. नकाशाची जाळी अर्ध्या अंशाची असली तरी प्रत्यक्ष गणना तीन अंशांच्या, म्हणजे सुमारे तीनशे किलोमीटर रुंदीच्या तुकड्यांवर झालेली असते. शेजारच्या दोन चौकटींत सारखीच संख्या दिसली तर तिथला बर्फ सारखा वितळतो आहे असा अर्थ काढू नये. तो एकच तुकडा असतो. पण याहून मोठी गोष्ट अशी की हिमयुगानंतरच्या उत्थानाचा, म्हणजे जुन्या बर्फाचे ओझे उतरल्यावर खडक अजूनही संथपणे वर येत असण्याचा, परिणाम या फाईलमधून आइस-6जी-डी या गणिती प्रतिमानाच्या आधारे आधीच वजा केलेला असतो. बर्फाचे वस्तुमान हवे असणाऱ्याला ती सोय आहे. खडकाची हालचाल शोधणाऱ्याला मात्र त्याच्या अभ्यासाचा विषयच काढून टाकलेला डेटा हाती येतो. दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेले आहे, त्यामुळे सेवेला दोष देता येत नाही.

ही वजाबाकी किरकोळही नाही. प्रावरणातील, म्हणजे भूकवचाखालच्या थरातील, दगड बर्फापेक्षा साडेतीन-चार पट घन असल्यामुळे खडक एक मिलिमीटर वर सरकला की गुरुत्वाच्या हिशेबात तो तीन ते चार मिलिमीटर पाण्याइतका भरतो. अंटार्क्टिकाचा वार्षिक तोटा साधारण दीडशे गिगाटनांच्या (गिगाटन म्हणजे अब्ज टन) आसपास आणि वेगवेगळ्या उत्थान-प्रतिमानांतील फरक दहा-दहा गिगाटनांच्या पटीत, म्हणजे दुरुस्तीतील अनिश्चितताच निकालाचा लक्षणीय भाग असते. ग्रीनलंडमध्ये तोटा मोठा आणि दुरुस्ती लहान असल्याने हा प्रश्न तितका टोकदार नाही. पश्चिम अंटार्क्टिकात तो सर्वांत टोकदार आहे. 2018 मध्ये व्हॅलेंटिना बार्लेट्टा आणि सहकाऱ्यांनी आमुंडसेन समुद्राच्या परिसरात वर्षाला 41 मिलिमीटरपर्यंतचे उत्थान जीपीएसने मोजल्याचे प्रसिद्ध केले आणि त्याचे कारण तिथल्या प्रावरणाची अतिशय कमी श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) असल्याचे दाखवले. तिथे प्रावरण हजारो वर्षांनी नव्हे, तर काही दशकांतच प्रतिसाद देते. साऱ्या जगासाठी सरासरी श्यानता गृहीत धरणारे प्रतिमान ते पकडू शकत नाही.

म्हणून मॅस्कॉन सोडून गोलीय सहगुणकांच्या, म्हणजे पृथ्वीचे गुरुत्वक्षेत्र गणिती पदांत मांडणाऱ्या संख्यांच्या, मासिक फाईलींकडे जावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. टेक्सास विद्यापीठ, जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आणि पॉट्सडॅमची जीएफझेड ही संस्था या तिन्ही केंद्रांकडून त्या मिळतात आणि त्यांत उत्थानाचा संकेत शाबूत असतो. मात्र मग बाकीच्या दुरुस्त्या आपल्या अंगावर येतात. पहिल्या क्रमाचे सहगुणक, म्हणजे पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राचे सरकणे, या उपग्रहांना दिसतच नाही. ते वेगळ्या पूरक फाईलमधून घ्यावे लागते. पृथ्वीच्या चपटेपणाचा सहगुणक लेझरने मोजलेल्या इतर उपग्रहांवरून बदलून घ्यावा लागतो, आणि फॉलो-ऑनच्या एका उपग्रहाचा त्वरणमापक उड्डाणानंतर लवकरच बिघडल्यामुळे तिसऱ्या क्रमाचा क्षेत्रीय सहगुणकही. उत्तर-दक्षिण असमतोल दाखवणाऱ्या या शेवटच्या सहगुणकातील चूक थेट अंटार्क्टिकावर जाऊन बसते, म्हणून तो विसरण्याची मुभा ध्रुवीय अभ्यासकाला नाही. उत्तर-दक्षिण पट्ट्यांच्या रूपातील गोंगाट गाळणे हे त्यानंतरचे काम.

दोन्ही डेटा हाती आल्यावर त्यांची सांगड घालताना स्थितिस्थापक प्रतिसाद वेगळा करावा लागतो. बर्फाचे ओझे आज कमी झाले की खडक आजच थोडा उसळतो; दाब काढून घेतलेल्या गादीसारखा. हा भाग काढल्याशिवाय जीपीएसमधील जुने, श्यान उत्थान दिसत नाही. ग्रेसवरून ओझ्यातील बदल घेऊन हा प्रतिसाद मोजता येतो, पण स्थानकापासून वीस-तीस किलोमीटरवर हिमनदी असेल तर तीनशे किलोमीटरचा ठोकळा तिथे निरुपयोगी ठरतो. अशा ठिकाणी क्रायोसॅट-2 किंवा आइससॅट-2 या उंची मोजणाऱ्या उपग्रहांनी मोजलेली बर्फाच्या पृष्ठभागाची उंचीच घ्यावी. संदर्भचौकटीचा प्रश्न छोटा वाटला तरी चिवट आहे: तिच्या मूळबिंदूतील थोडासा संथ बदलही सर्व स्थानकांच्या ऊर्ध्व वेगात उतरतो, आणि पूर्व अंटार्क्टिकातील वर्षाला एक-दीड मिलिमीटरच्या वेगांना तो गिळून टाकू शकतो. तिथले निष्कर्ष दोन्ही सेवा मिळूनही ठामपणे देता येत नाहीत. जमिनीवरचे निरपेक्ष गुरुत्वमापक हा त्यावरचा तिसरा साक्षीदार असला, तरी त्याची अचूकता सुमारे दोन मायक्रोगॅल (गुरुत्वत्वरणाचे सूक्ष्म एकक) आणि एक मिलिमीटर श्यान उत्थानाने होणारा फरक जेमतेम 0.15 मायक्रोगॅल, त्यामुळे त्याचीही साक्ष दशकभराच्या फेऱ्यांनंतरच उपयोगी पडते.

ग्रीनलंडवर काम करणाऱ्याने या दोन सेवांवर निर्धास्तपणे विसंबावे; रोजच्या मालिका घ्याव्यात, वेगाचा तक्ता केवळ पडताळणीसाठी ठेवावा. पश्चिम अंटार्क्टिकासाठी त्या आवश्यक आहेत, पण प्रावरणाची श्यानता स्वतः बदलून पाहण्याची तयारी हवी. ग्रेसच्या 2011 नंतरच्या सुटलेल्या महिन्यांवरून आणि 2017-18 मधील जवळजवळ वर्षभराच्या खंडावरून सरळ रेषा ओढून जीपीएसच्या अखंड मालिकेशी तुलना मात्र कोणीही करू नये. समान महिनेच दोन्हीकडून निवडावेत.